पुन्हा मोजणारी माणसं

३० जानेवारी २०२५

'२०२४ वायआर४' या लघुग्रहाची बातमी आज पेपरात आली. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एक टक्क्याच्या वर गेली आहे. चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला तो २७ डिसेंबरला पहिल्यांदा दिसला, तोवर आपल्या जवळून पुढे निघूनही गेला होता. आकार ४० ते ९० मीटरच्या मध्ये कुठेतरी. टक्कर किती धोक्याची ते ० ते १० मध्ये सांगणाऱ्या टोरिनो श्रेणीत त्याला ३ मिळाले आहेत. याहून वरचा अंक आजवर अपोफिस या एकट्याच लघुग्रहाला मिळाला होता, २००४ साली.

आमच्या मेहकरात ही बातमी चहाबरोबर वाचून संपत नाही. लोणार इथून तासाभराच्या आत. पाहुणे आले की आम्ही त्यांना विवराच्या काठावर नेतो, दैत्यसूदनाचं देऊळ दाखवतो, लवणासुराची गोष्ट सांगतो. काळ्या बसाल्टमध्ये पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा कितीतरी वर्षं ज्वालामुखीचं तोंड समजला जाई. पुढे तिथल्या दगडांत मास्केलिनाइट नावाची काच सापडली. अशी काच जबर धक्क्याच्या दाबाखाली बनते, त्यामुळे आकाशातून काहीतरी आदळल्याचं पक्कं झालं.

कधी आदळलं, यावर मात्र अजून एकमत नाही. एका मोजणीत विवराचं वय सुमारे ५२ हजार वर्षं निघालं, दुसरीत सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक! दोन्ही पद्धतींत दगड तापवावा लागतो. एकीत त्यातून निघणारा प्रकाश मोजतात, दुसरीत सुटणारा आर्गॉन वायू. लोणारला आलेल्या माणसाला हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी सांगायला हवेत असं मला मनापासून वाटतं. एकच आकडा ऐकला की ऐकणारा मान डोलावून पुढे जातो. दोन ऐकले तर विचारतो, हे कसं काय मोजलं?

१२ फेब्रुवारी

माघी पौर्णिमा. आभाळ उजळलेलं असलं की एवढा मंद ठिपका दुर्बिणींना टिपता येत नाही, म्हणून सध्या मोजणी जवळजवळ थांबली आहे. टीव्हीवर तेच ते आकडे चालू आहेत, त्यामागची ज्वाळांची चित्रं तेवढी रोज मोठी होत जातात. जिथे पडू शकतो तो पट्टा पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अरबी समुद्र करत दक्षिण आशियापर्यंत येतो, म्हणून मुंबईचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं जातंय.

लॅबमध्ये शुगरचं रक्त द्यायला आलेल्या एका बाबांनी विचारलं, "ताई, थो गोटा आपल्याकडंच पडनार म्हनते. खरं हाय काय?"

"बाबा, अजून मोजणं चालू आहे. चंद्र कमी झाला की पुन्हा बघतील."

त्यांनी मूठ आवळली, मी सुई टोचली, तरी त्यांचं लक्ष वरच होतं. "मंग मोजू द्या त्याइले," म्हणाले.

दिवसभरात या विषयावर मी ऐकलेलं हे सगळ्यांत शहाणं वाक्य.

२० फेब्रुवारी

परवा ३.१ टक्के, काल दीड टक्का. ३.१ हा इतक्या मोठ्या लघुग्रहासाठी आजवर नोंदवलेला सर्वांत मोठा आकडा. आज लॅबमधल्या पोरी मला विचारत होत्या, की वाढत वाढत गेलेली गोष्ट एका रात्रीत अर्ध्यावर कशी येते? कागदावर काढून दाखवलं. लघुग्रह २०३२ साली नेमका कुठे असेल ते आत्ता ठाऊक नाही, तो एका लांब पट्ट्यात कुठेतरी असेल एवढंच ठाऊक आहे. समजा तो पट्टा १०० पृथ्वी मावतील एवढा लांब आहे आणि त्यातली एक जागा आपली, तर शक्यता एक टक्का. नवीन मोजमापं आली, पट्टा आखडून ३३ पृथ्वींएवढा झाला आणि आपली जागा अजून आतच असली, तर शक्यता तीन टक्के. धोका वाढलेला नसतो, अज्ञान कमी झालेलं असतं. आणखी मोजलं की पट्टा आणखी आखडतो, आणि एक दिवस आपली जागा त्याच्या बाहेर पडते. तेव्हा आकडा एकदम कोसळतो.

हे मला लगेच पटतं, कारण माझं पोटच या कामावर आहे. याच आठवड्यात एका तरुण मुलीचं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लावलं, तर मशीनवर प्लेटलेट ४२ हजार. सोबत आलेला भाऊ शेजारीच उभा होता, त्यानं स्क्रीन वाचली आणि तो पांढरा पडला. अकोल्याला हलवायचं का, विचारायला लागला. मुलीच्या अंगावर कुठे डाग नाही, हिरड्यांतून रक्त नाही. मी स्लाइड ओढली, रंगवली, तेलाच्या लेन्सखाली धरली. स्लाइडच्या शेपटीकडे प्लेटलेटचे घोसच्या घोस अडकलेले! जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन असतं, त्यानं काही थोड्या माणसांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, आणि मशीन त्या गठ्ठ्यातल्या प्लेटलेट मोजतच नाही. निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, लगेच लावलं. १ लाख ८० हजारांच्या पुढे, म्हणजे अगदी नॉर्मल.

"मॅडम, मग मघाचं खोटं होतं का?" भावानं विचारलं. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि मायक्रोस्कोपमधून ते घोस दाखवले. तो बराच वेळ डोळा लावून बसला होता.

२५ फेब्रुवारी

०.००४ टक्के. टोरिनो श्रेणीत शून्य. पृथ्वीपुरता प्रश्न मिटला. चंद्रावर आदळण्याची शक्यता मात्र १.७ टक्के उरली आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

दुपारी जेवताना कुणीतरी म्हणालं, "आधी घाबरवायचं, मग शब्द फिरवायचा, हेच यांचं शास्त्र." माझा घास अडला. पौर्णिमा सरल्या सरल्या वेगवेगळ्या देशांत लोक दुर्बिणींपाशी जागले, प्रत्येक रात्रीची मोजमापं त्यांनी सगळ्या जगासमोर ठेवली, आकडा चढला तेव्हा चढलेला सांगितला आणि उतरला तेव्हा उतरलेला. यात शब्द कुठे फिरवला? लपवून ठेवून शेवटी एकदाच 'काही नाही' म्हटलं असतं, तर त्यावर विश्वास कोणी ठेवला असता? हे मी तिथल्या तिथे बोलले. आवाज चढला असेल, पण बोलायलाच हवं होतं.

१८ एप्रिल

'परग्रहावर जीवसृष्टीचे पुरावे', असा मथळा. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेब या अवकाश दुर्बिणीतून १२४ प्रकाशवर्षं दूरच्या के२-१८बी या ग्रहाचं वातावरण तपासलं. डायमिथाइल सल्फाइड किंवा तशाच एका वायूची खूण दिसली असं ते म्हणतात. आपल्याकडे हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतो. खात्री थ्री सिग्मा. म्हणजे नुसत्या योगायोगानं असं दिसण्याची शक्यता ०.३ टक्के.

थ्री सिग्मा म्हणजे आमच्या भाषेत ३ एसडी. एसडी म्हणजे स्टँडर्ड डिव्हिएशन, आकडे सरासरीपासून सहसा किती इकडेतिकडे जातात त्याचं माप. रोज सकाळी पहिला पेशंट घेण्याआधी फ्रीजमधून कंट्रोलची, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेल्या नमुन्याची, बाटली काढायची, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, फेस न होऊ देता हळूच उलटसुलट करायची आणि मशीनला लावायची. आलेला आकडा तक्त्यावर टिंब म्हणून मांडायचा. टिंब २ एसडीच्या रेघेबाहेर गेलं तर सावध व्हायचं. ३ एसडीच्या बाहेर गेलं तर एकही रिपोर्ट बाहेर सोडायचा नाही, कारण सापडेपर्यंत थांबायचं. ३ एसडी ही आमच्याकडे थांबून नीट बघण्याची जागा आहे, जाहीर करण्याची नाही. इतक्या वर्षांत तक्त्यावर इतकी टिंबं पाहिली आहेत की हजारात तीनवाली गोष्टही घडते, हे मला कुणी शिकवावं लागत नाही.

मधुसूदन स्वतःच सांगतात की फाइव्ह सिग्मापर्यंत, म्हणजे शोध पक्का मानण्याएवढ्या खात्रीपर्यंत, जायला वेबचे आणखी १६ ते २४ तास लागतील. बाकीचे शास्त्रज्ञ शंका काढताहेत, ती त्यांनी काढलीच पाहिजे. मला राग आहे तो त्या मथळ्याचा. 'आणखी १६ ते २४ तास हवेत' हे वाक्य मथळ्यात का मावत नाही? माझ्या दृष्टीनं सगळ्यात थरारक भाग तोच आहे.

१६ मे

आज मात्र बातमी वाचून मी उठून उभी राहिले. व्हॉयेजर १ चे २००४ पासून मेलेले थ्रस्टर पुन्हा चालू झाले!

५ सप्टेंबर १९७७ ला सुटलेलं यान. त्याचं तोंड सतत पृथ्वीकडे राहावं म्हणून झोत सोडून त्याला वळवणारे बारीक बारीक थ्रस्टर आहेत. तोंड वळलं की अँटेना वळली, अँटेना वळली की संपर्क गेला. यानाचा स्वतःभोवतीचा कोन सांभाळणाऱ्या मुख्य थ्रस्टरचे दोन छोटे हीटर २००४ साली बंद पडले, तेव्हा इंजिनिअरांनी ते दुरुस्त होणार नाहीत असं धरलं आणि राखीव थ्रस्टरवर काम सुरू ठेवलं. आता राखीवच्या नळ्या आतून गाळानं चोंदत आल्या आहेत, कदाचित याच वर्षी बंद पडतील. त्यात ऑस्ट्रेलियातली कॅनबेराची ७० मीटरची अँटेना दुरुस्तीसाठी पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत बहुतेक वेळ बंद, आणि व्हॉयेजरला आज्ञा पाठवण्याएवढी ताकद त्याच अँटेनात आहे. म्हणजे जे करायचं ते मे महिन्याच्या आधी.

मग कुणीतरी वीस वर्षांपूर्वीची फाइल उघडली आणि विचार केला, हीटर खरंच जळाले असतील का? की सर्किटमधल्या कसल्याशा झटक्यानं एखादा स्विच भलत्या बाजूला पडला असेल? तो परत फिरवून बघता येईल. धोकाही होता. हीटर चालू नसताना यानानं हे थ्रस्टर आपणहून पेटवले असते, तर छोटासा स्फोट झाला असता. आज्ञा गेली. ती पोचायला २३ तासांहून जास्त, उत्तर यायला पुन्हा तेवढेच. २० मार्चला उत्तर आलं, आणि हीटरचं तापमान चढताना दिसलं.

गेल्या वर्षीच्या दुरुस्तीचंही कात्रण मी काढून ठेवलं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये यान निरर्थक आकडे पाठवू लागलं होतं. मेमरीची एक चिप गेली होती. तिच्यातला प्रोग्राम दुसरीकडे अख्खा मावेना, म्हणून त्याचे तुकडे करून मिळेल त्या मोकळ्या जागांत बसवले आणि २४ अब्ज किलोमीटरवर पाठवले. एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागलं.

त्याच्या अंगावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत मराठीतला नमस्कार आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई यान सुटल्यावर दोनच आठवड्यांत गेल्या. आपल्याकडे व्हॉयेजरचा विषय निघाला की बोलणं इथवर येऊन थांबतं. मला वाटतं त्या दुरुस्त करणाऱ्यांबद्दलही बोलावं. यानाची वीज दर वर्षी सुमारे ४ वॉटनं घटते आहे, म्हणून फेब्रुवारीत त्यांनी वैश्विक किरण मोजणारं उपकरण बंद केलं. एकेक उपकरण मिटवत, उरलेल्याची मोजणी चालू ठेवायची. काय जीव असेल त्यांचा त्या यंत्रात!

८ जून

भाची सुट्टीला आली आहे, बीएस्सीला आहे. "मावशी, आता तुझं काम एआय करेल ना?" तिला अल्फाफोल्डनं, प्रथिनांचे आकार ओळखणाऱ्या एआयनं, भारून टाकलंय. गेल्या वर्षी रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना त्यासाठीच मिळाला. २० कोटी प्रथिनांचे आकार त्यानं सांगितले, हे अफाटच आहे.

पण ते शिकलं कशावरून? लोकांनी एकेका प्रथिनाचे स्फटिक वाढवून, त्यांतून क्ष-किरण सोडून, आकार काढून प्रोटीन डेटा बँकेत जमा केले होते. ती बँक १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात सात आकार होते. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकांचं पहिलं छायाचित्र १९३५ च्या सुमारास घेतलं आणि त्याचा आकार १९६९ साली हाती आला. रोज इन्सुलिन घेणारे कितीतरी पेशंट आमच्याकडे येतात, त्यामुळे ही गोष्ट मला नेहमी आठवते. भाचीला म्हटलं, कर तू एआय, जरूर कर. पण स्फटिक वाढवणाऱ्यांची नावंही शोधून वाच.

वायआर४ चं एक लिहून ठेवते. चंद्रावर आदळण्याची शक्यता आता ४.३ टक्के झाली. तो फार दूर गेला आहे, पृथ्वीवरून पुन्हा दिसायला २०२८ उजाडेल.

४ जुलै

दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याकडून आलेली वस्तू सापडली. १ जुलैला, चिलीतल्या त्याच अ‍ॅटलास दुर्बिणीला! नाव ३आय/अ‍ॅटलास. २०१७ चा औमुआमुआ आणि २०१९ चा बोरिसोव्ह यांच्यानंतर ही तिसरीच. वेग सेकंदाला सुमारे ६० किलोमीटर, सूर्याच्या ओढीत न सापडणारा.

मला आवडलं ते पुढचं. शोध लागल्याबरोबर लोकांनी आधीच्या रात्रींचे फोटो चाळायला घेतले. अ‍ॅटलासच्या आणि कॅलिफोर्नियातल्या झ्विकी सर्वेक्षणाच्या जुन्या फोटोंत ती वस्तू थेट १४ जूनपर्यंत मागे सापडली. कुणाच्या लक्षात आली नव्हती, पण फोटो जपून ठेवले होते, तारीख-वेळेसकट. त्या मागच्या नोंदींमुळे कक्षा झटकन पक्की होत गेली. आम्हीसुद्धा सॅम्पल लगेच फेकत नाही, डॉक्टरांनी उद्या आणखी एखादी टेस्ट मागितली तर हाताशी असावं म्हणून.

दहा दिवसांपूर्वी रुबिन वेधशाळेचे पहिले फोटो आले, तीही चिलीतलीच. सुमारे दहा तासांच्या निरीक्षणात दोन हजारांहून जास्त नवे लघुग्रह. दहा वर्षं ती दक्षिणेचं सगळं आभाळ पुन्हा पुन्हा टिपणार आहे. वायआर४ सारख्या बातम्या आता वरचेवर येतील, आकडे चढतील, उतरतील. भाचीशी ठरवलंय, ३आय/अ‍ॅटलासचे आकडे दोघींनी वहीत उतरवायचे. ऑक्टोबरच्या शेवटी तो सूर्याला सगळ्यांत जवळ असेल, तेव्हा पृथ्वीवरून दिसणार नाही. डिसेंबरात पुन्हा दिसेल, तोवर तिची सेमिस्टरही संपलेली असेल.