जॅक शेफर वाचन, अपडेट ३: माँटी वॉल्श संपली, शेन परत उघडली

मंडळी, मागच्या अपडेटनंतर दीड महिना काहीच टाकलं नाही कारण जॅक शेफरची माँटी वॉल्श ही कादंबरी हातात होती आणि ती भराभर उरकावी असं वाटेचना, रोज रात्री जेवणं झाली की एखादं प्रकरण, बास. परवा संपली. आणि संपल्या संपल्या मी त्याचीच शेन परत काढली, कारण एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. शेफर अमेरिकन लेखक, जन्म १९०७ चा, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडचा, पोटापाण्याला पत्रकार, व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या पेपरात अग्रलेख लिहायचा. शेन आधी १९४६ मध्ये अर्गोसी मासिकात तीन भागांत आली, तेव्हा नाव होतं रायडर फ्रॉम नोव्हेअर, मग १९४९ ला पुस्तक निघालं. आणि तोवर या माणसाने ओहायोच्या पश्चिमेला पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं! पश्चिमेकडचं वायोमिंग राज्य पाहिलेलं नाही, पण वायोमिंगवर अशी कादंबरी लिहिली की १९८५ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टर्न (म्हणजे काऊबॉय आणि बंदूकवाल्यांच्या पश्चिमेकडच्या गोष्टी लिहिणाऱ्या) लेखकांच्या संघटनेने तिला आजवरची सर्वोत्कृष्ट वेस्टर्न कादंबरी ठरवलं. हे जमलं कसं, हाच माझा प्रश्न.

या वेळी पेन्सिल घेऊन बसलो आणि जिथे जिथे डोंगर, गवत, आभाळ यांचं वर्णन येतं तिथे खूण करत गेलो. खुणा फारच कमी झाल्या. गोष्ट सांगतोय बॉब, १८८९ साली तो लहान पोरगा होता, आणि पोराचं लक्ष कुठे असतं तर माणसांकडे, बाप कसा उभा राहिला, आई का गप्प झाली, घोड्यावरून आलेल्या अनोळखी शेनने खुर्ची कुठे ठेवली म्हणजे दाराकडे पाठ होणार नाही. एक खोरं, एक घर, एक दुकान आणि दारूचा गुत्ता, एवढ्यात सगळं बसतं. शेफरला जे माहीत नव्हतं त्याची त्या पोराला गरजच पडत नाही, मला तरी हेच उत्तर पटलं.

बुडख्याचा प्रसंग परत दोनदा वाचला. फेरीवाला नांगरणीचं यंत्र ११० डॉलरला विकायला बघतो, शेन शांतपणे म्हणतो की हेच शायेन शहरात ६० ला होतं, फेरीवाला शेनवर घसरतो आणि बॉबचा बाप (नाव जो स्टॅरेट) अनोळखी पाहुण्याच्या बाजूने उभा राहतो. त्यावर शेन आभारबिभार काही मानत नाही, कुऱ्हाड उचलतो आणि जोला कित्येक दिवस छळत असलेल्या त्या जुनाट बुडख्यावर घाव घालायला लागतो, मग जो दुसऱ्या बाजूने. बॉबची आई मॅरियन नवी टोपी घालून दाखवायला येते तर दोघांचं लक्षच नाही, ती पण तिथेच बघत राहते आणि तिकडे चुलीवर तिचा सफरचंदाचा पाय करपतो, मग ती हट्टाने दुसरा करते. गावाला ज्यांनी जुन्या झाडाचा बुडखा काढलाय त्यांना कळेल की शेवटचं मूळ तुटतं तेव्हा काय वाटतं. अख्ख्या पुस्तकातली मैत्री इथेच होते, आणि तीही जवळपास न बोलता.

आता माँटी वॉल्श. शेफर १९५५ मध्ये न्यू मेक्सिकोला राहायला गेला आणि ही आली १९६३ ला. इथे धूळ आहे, थंडी आहे, गुरांमागे दिवसदिवस घोड्यावर काढणं आहे, आणि शेनसारखी एक घट्ट गोष्ट नाही, प्रसंगामागून प्रसंग येत राहतात. माँटी आणि त्याचा सोबती चेट रॉलिन्स, दोघं पोरसवदा असल्यापासूनचे, चेट काळाबरोबर बदलतो, माँटी काऊबॉयच राहतो, मोटारी आल्या तरी. सुरुवातीची शंभरेक पानं मला जड गेली हे खरं, पण आज कोणी विचारलं तर मी म्हणेन शेफरचं मोठं पुस्तक हेच. शेन हा बॉबच्या नजरेतला देव आहे, माँटी माणूस आहे.

मधे ओल्ड रॅमन पण झालं, म्हातारा मेंढपाळ आणि एक मुलगा, छोटंसं, १९६१ मध्ये त्याला न्यूबेरी ऑनर (अमेरिकेतला बालसाहित्याचा मान) मिळाला होता. एका दिवसात होतं, घरात वाचणारी मुलं असतील तर नक्की द्या.

पुढचं अमेरिकन बेस्टियरी, १९७५ चं. उतारवयात शेफर माणसांच्या गोष्टी सोडून प्राण्यांवर लिहायला लागला, शेती करायला आलेल्या ज्या वसाहतवाल्यांची बाजू शेनमध्ये घेतली त्यांनीच तो मुलूख कसा ओरबाडला हे त्याला दिसायला लागलं होतं. जुनी प्रत मागवलीये, यायला वेळ आहे.

तोवर शेनचा शेवट तिसऱ्यांदा वाचतोय. शेनवरच्या सिनेमात नाही तो भाग, शेन निघून गेलाय, जो खचलाय, आता इथून जाऊया म्हणतो, आणि मॅरियन त्याला कुंपणापाशी नेते, शेनने रोवलेला खांब हलवून बघ म्हणते. जो सगळी ताकद लावतो. खांब हलत नाही.