ताटं खाली आली तेव्हा

मे महिन्यात आमच्या घरकामाच्या मावशी पंधरा दिवस म्हणून गावी गेल्या, त्या महिनाभर आल्याच नाहीत. मी रोज ठाण्याहून लोकलने फोर्टला जाणारी, नवरा शिफ्टवाला. नौपाड्यातल्या घरात सासूबाई आणि सुट्टी लागलेली दोन मुलं: थोरली १३ वर्षांची, धाकटा ६ वर्षांचा. म्हटलं, आता यांनाच कामाला लावू.

नेटवरून वयाप्रमाणे कामांचा तक्ता उतरवून फ्रीजवर चिकटवला. धाकट्याच्या वाट्याला पानं घ्यायचं काम आलं. पण ताटं ओट्यावरच्या रॅकमध्ये, त्याच्या डोक्याच्या हातभर वर. रोज तेच, "आई, ताटं काढून दे ना." म्हणजे काम माझंच, वर त्याला चार हाका मारायचं काम जास्तीचं.

सासूबाई बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका. त्या म्हणाल्या, "तक्ता कसला बघतेस, उंची बघ. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालघर काढलं, तेव्हा टेबलखुर्च्यासुद्धा मुलांच्या मापाच्या केल्या. ताराबाई मोडकांनी बोर्डीला तेच केलं, पण गावात मिळेल त्या वस्तूंतून. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती हो."

रविवारी ताटंवाट्या सगळ्यात खालच्या ट्रॉलीत आणल्या. पाण्याला मोठ्या जगाऐवजी छोटा तांब्या. त्या रात्री मी पोळ्या लाटत असतानाच पानं मांडून झाली. वाट्या डावीकडे होत्या एवढंच. "आमटी उजवीकडे रे राजा, डावीकडे चटणी, कोशिंबीर," आजीने दाखवलं. दुसऱ्या दिवशी बरोबर.

कोथिंबीर निवडायला दिली तर पठ्ठ्याने पानं कचऱ्यात टाकली आणि देठं वाटीत. कचऱ्याचे डबे मात्र त्याला पक्के पाठ. ओला हिरव्यात, सुका निळ्यात. बाबांनी बिस्किटाचा कागद हिरव्यात टाकला की लगेच आरडाओरडा.

थोरलीकडे वरणभाताचा कुकर. अट एकच, आजी घरात असल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. डाळीत पाणी मापाने, तांदळावर बोटाचं एक पेर, सगळं नीट. फक्त कुकरच्या तळात पाणी घालायचं राहिलं. मला लोकलमध्ये फोन, "आई, शिट्टीच होत नाहीये, वास येतोय." मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत माझा जीव टांगणीला. तोवर आजीने गॅस बंद केला होता. तळ घासायला दोन दिवस गेले, तेही थोरलीनेच घासलं. नंतर बाईसाहेबांनी कुकरमागे वीस रुपये मागितले. मी विचारलं, "मग मी पोळीचे किती लावू?" विषय तिथेच मिटला.

जूनमध्ये मावशी परतल्या. सवयीने वरच्या रॅकमध्ये हात घातला, तर तिथे फक्त बरण्या. "ताटं खाली असतात. आणि पानं मी घेतो," धाकट्याने बजावलं. कोथिंबीर मात्र परत मावशींकडे गेली.