खेल वालस्ट्रोची कुंडी: मुळं काढली, लोकर रंगवली

यंदा मुळं काढायची की अजून एक वर्ष थांबायचं, यावर तोडगा निघाला: निम्म्या कुंड्या उपसल्या, निम्म्या राखल्या.

नव्यांसाठी थोडक्यात. गॅलियम वेरम, इथं नेदरलँड्समध्ये खेल वालस्ट्रो. आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातलं. मुळांत तसाच लाल रंग, पण मुळं सुतळीहूनही बारीक. हेगजवळ माइयेन्डेलच्या वाळूच्या टेकड्यांवर ते भरपूर आहे. तिथून काडीही तोडायला मनाई आहे, आणि ती असायलाच हवी; असल्या मुळांनीच तर ती वाळू जागेवर राहते. म्हणून स्थानिक बी आणून बाल्कनीत पेरलेलं.

जाड वाळू आणि शिंपल्यांचा चुरा, एवढंच घातलं. इथल्या किनाऱ्यावरच्या बेर्गेन गावाच्या दक्षिणेकडच्या वाळूच्या टेकड्यांत शिंपल्यांमुळे चुना भरपूर असतो, उत्तरेकडे कमी, आणि माझं बी दक्षिणेकडचं. तुलनेसाठी एका कुंडीत कंपोस्ट दिलं होतं. ती तरारून वाढली आणि पहिल्याच वाऱ्यात आडवी झाली. वाळूतली मात्र बुटकी राहून पसरली, आणि कुंडीच्या कडेनं नारिंगी धावत्या मुळांचं जाळं झालं. रंगासाठी वाढवणार असाल तर खताचा हात आखडाच!

जुलैत पिवळा बहर आला, मधासारखा वास. एका रोपाची फुलं फिकट होती. दुधी फुलांच्या गॅलियम मोलुगोशी याचा संकर सहज होतो, त्यामुळे त्या रोपाचं बी धरलं नाही.

आता रंग. मुळं धुऊन, सुकवून, कुटून रात्रभर भिजवली. लोकरीला तिच्या वजनाच्या १२ टक्के तुरटी आधीच दिलेली. पाण्यात चिमूटभर खडूची पूड घातली आणि ६० अंशांच्या वर जाऊ दिलं नाही, कारण जास्त तापलं की तांबूसपणा जाऊन तपकिरी झाक चढते. पहिली लडी पोवळ्याच्या रंगाची निघाली, त्याच पाण्यातली दुसरी फिकट पीच. मंजिष्ठेचा दाटपणा नाही, पण उन्हात पाहिली तर मला हीच जास्त आवडते. खरी कटकट मुळांतली वाळू काढण्याची; तिला चाळणीपेक्षा वाहतं पाणी बरं.

राखलेल्या कुंड्या पुढच्या शरदापर्यंत हलवणार नाही. जाड झालेल्या मुळांतून रंग किती वाढतो, ते तेव्हा त्याच लोकरीवर बघू. कुणी मुळं न सुकवता ताजीच वापरली असतील तर छटा कशी आली, ते कळवा.