मामांचा पाण्याखालचा दिवा

पावसाळ्याआधी माळा आवरताना पत्र्याच्या पेटीतून मामांचा पाण्याखाली वापरायचा दिवा निघाला. मामांनी बरीच वर्षे जहाजांच्या बुडाची पाहणी करणारे पाणबुडे म्हणून काम केले, आणि निवृत्तीनंतर ठाण्यात आमच्याकडे ठेवलेल्या त्यांच्या सामानात हा दिवा तसाच राहून गेला होता.

रबरी हातमोजे घालून जोर लावल्यावर कर्र आवाज करत झाकण सुटले. आतले चार मोठे अल्कलाइन सेल फुटून पांढरी पूड सगळीकडे साचली होती आणि पितळी पट्ट्या कळकून हिरव्यानिळ्या पडल्या होत्या. अशा सेलमधून गळणारे द्रव्य दाहक क्षार असते, म्हणून डोळ्यांवर चष्मा चढवून मी कापसाच्या काडीने त्यावर व्हिनेगर लावले, तेव्हा पूड बारीक बुडबुडे काढत विरघळू लागली. साधे कार्बन-जस्ताचे सेल गळले असते, तर तो स्राव आम्लधर्मी असल्याने उलट खाण्याचा सोडा लागला असता. पट्ट्या पॉलिश पेपरने उजळवल्या. प्लॅस्टिकचे अंग मात्र कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानेच धुतले, कारण नेलपॉलिश काढायच्या द्रावणातले अ‍ॅसिटोन अशा प्लॅस्टिकला चिरा पाडू शकते.

बटणाची रचना पाहून मला फार आनंद झाला. बाहेरच्या सरकत्या खटक्यात चुंबक आहे आणि आत काचेच्या नळीत बंद केलेले दोन संपर्क आहेत. चुंबक जवळ आला की ते जुळतात, त्यामुळे बटणासाठी दिव्याच्या अंगाला एकही भोक पाडावे लागत नाही. वीज वाहते का ते तपासणारा मल्टिमीटर लावला, खटका सरकवला आणि बीप वाजला.

खरे काम होते ते रबरी ओ-रिंगचे, म्हणजे झाकणाच्या खाचेत बसणाऱ्या गोल कड्याचे. खोली दर १० मीटरने वाढली की पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने वाढतो. म्हणजे ३० मीटरवर या दिव्याच्या ८ सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर दीडशे किलोंहून अधिक भार पडतो, आणि झाकणाच्या सांध्यातून आत शिरू पाहणारे ते पाणी सुतळीएवढी जाड एक रिंग अडवून धरते. जुनी रिंग वर्षानुवर्षे दाबली गेल्याने एका बाजूला सपाट झाली होती आणि ताणली की बारीक भेगा दिसत होत्या. ताणलेल्या रिंगचे माप फसवे असते, म्हणून मी व्हर्नियर या बारीक मापाच्या पट्टीने खाचेचेच माप घेतले आणि वागळे इस्टेटमधल्या ऑइल सील विकणाऱ्या दुकानातून खाचेच्या घेरापेक्षा किंचित लहान, अंगासरशी बसणारी नायट्राइल रबराची रिंग आणली. तिला सिलिकॉन ग्रीसचा केवळ चकाकी येण्यापुरता हात दिला, कारण जास्त ग्रीस केस आणि वाळूचे कण धरून ठेवते. रिंग सिलिकॉनची असती तर याच ग्रीसने तिला फुगवले असते, म्हणून खरेदी करताना रबर कोणते हे विचारावेच.

बल्बची तार तुटलेली होती. त्याच बैठकीचा, ६ व्होल्टवर चालणारा एलईडी बल्ब मी मुद्दाम पिवळसर प्रकाशाचा निवडला. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, आणि तो पुन्हा दिसावा हा दिव्याचा मोठा उपयोग असल्याने निळसर पांढरा प्रकाश मला इथे अपुरा वाटतो. सेल मात्र एकाच वेळी घेतलेले, एकाच प्रकारचे हवेत. बंद दिव्यात एखादा सेल पूर्ण उतरून उलटा भारला गेला तर हायड्रोजन साचू शकतो, म्हणून वापरून झाल्यावर सेल काढून ठेवायचे आणि झाकण तोंडापासून दूर धरून उघडायचे, हे मी आता नेमाने पाळणार आहे.

चाचणीसाठी सेलऐवजी टिश्यू पेपर भरला आणि दिव्याला वजन बांधून तो रात्रभर बादलीत बुडवून ठेवला. बादलीतली चाचणी किरकोळ नाही. खोलवर पाण्याचा दाबच रिंगला खाचेत घट्ट रेटतो, त्यामुळे रिंगखाली अडकलेला केस किंवा कण बरेचदा उथळ पाण्यातच उघडा पडतो. सकाळी टिश्यू कोरडा निघाला.

रविवारी दिवा घेऊन ऐरोलीला मामांकडे गेलो. त्यांनी तो हातात घेतला, पण बटणाला हात लावला नाही. आधी झाकण उघडले, डोळे मिटून रिंगवरून गोल बोट फिरवले, आणि मग म्हणाले, “आता लाव.”