सिस्सूच्या बर्फात दोन गाड्या: काटे काय दाखवतात आणि गाडीच्या पोटात काय चालतं

जानेवारीत पुण्याहून हिमाचलमधल्या लाहौलच्या सिस्सूला जाऊन आलो. माझी जुनी मारुती जिप्सी आणि मावसभावाची पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक. एका बाजूला जवळपास दोन हजार किलोमीटर. चंडीगडपर्यंतच्या रस्त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, ते सोडतो. मला लिहायचंय ते बर्फातल्या दोन दिवसांबद्दल. त्या दोन दिवसांत आम्ही दोनदा उगाच घाबरलो, आणि एकदा जेव्हा घाबरायला हवं होतं तेव्हा निवांत बसून राहिलो.

मनालीच्या वर पलचानला पोलिसांनी थांबवलं. ताजा बर्फ पडला की पुढे फक्त फोर बाय फोर किंवा साखळी लावलेली गाडीच सोडतात. भावाने तिथेच पोरांकडून पुढच्या दोन्ही चाकांना साखळ्या लावून घेतल्या. गाडी ओढणाऱ्या चाकांनाच साखळी लागते. गडबडीत एका गाडीच्या मागच्या चाकांना लावलेली पाहिली आणि तीच गाडी तासाभराने वळणावर आडवी झालेली दिसली.

आता अटल बोगद्याची गोष्ट, कारण इथेच सगळ्यात जास्त गाड्या बिघडत असाव्यात. सोलंगपासून बोगद्याच्या तोंडापर्यंत बर्फ, आणि आत ९.०२ किलोमीटर कोरडा रस्ता. जिप्सीसारख्या गाडीत फोर-एच टाकलं, म्हणजे चारही चाकांना जोर दिला (टू-एचमध्ये फक्त मागच्या दोन), की पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जाणारे शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. बर्फावर हा फरक टायर घसरून निघून जातो. कोरड्या रस्त्यावर टायर घसरत नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे जोर वाटणारी गिअरची पेटी) साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी ब्रेक लावल्यासारखी अडते आणि लिव्हर टू-एचला यायला तयार होत नाही. अशा वेळी लिव्हरशी मारामारी करू नका. चार-पाच मीटर सरळ रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर अलगद येते. मी बोगद्याच्या तोंडाशीच टू-एच केलं, पलीकडे बर्फ लागल्यावर पुन्हा फोर-एच. भावाने साखळ्या काढल्या, परत घातल्या. बोटं बधिर होतात, पण नऊ किलोमीटर साखळी कोरड्यावर आपटत नेण्यापेक्षा ते बरं.

सिस्सू साधारण ३,१०० मीटरवर आहे. आम्ही उतरलो त्या घरच्या मालकांचं बटाट्याचं शेत गुडघाभर बर्फाखाली होतं. गाडी घसरवून बघायची हौस आम्ही त्यांना विचारूनच तिथे भागवली. आधी ते स्वतः आमच्याबरोबर चालत आले आणि कुठे बांध आहे, कुठे दगडांचा ढीग पुरलाय ते काठी रोवून दाखवलं. ही हौस रस्त्यावर किंवा चंद्रा नदीच्या पात्रात करू नका. वरून सगळं सपाट पांढरं दिसतं, खाली काय आहे ते तिथल्या माणसालाच माहीत असतं.

पहिली घाबरगुंडी भावाची. हँडब्रेक ओढून तो गोल फिरत होता. "दादा, काटा सत्तरवर गेला रे!" फोनच्या जीपीएसवर वेग होता बारा. काटा बिघडलेला नव्हता. पुढची चाकं खरंच सत्तरच्या वेगाने फिरत होती, गाडी मात्र जागच्या जागी सरकत होती. जिप्सीत हा प्रकार आणखी फसवा आहे. तिच्या मीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, म्हणजे ती शाफ्टचा वेग मोजते. साधा डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, दोन चाकांच्या वेगाची सरासरी सांभाळतो. एक चाक अडकून उभं आणि दुसरं मोकळं फिरतंय, आणि मीटरवर ४० दिसतंय, तर ते मोकळं चाक ८०ने फिरतंय. त्याच वेळी डिफरन्शियलच्या आतले छोटे दातेरी गिअर आपल्या पिनेवर जोरात भिरभिरत असतात. ते एरवी फक्त वळणावर हळूच हलण्यासाठी केलेले. इतक्या वेगात पिनेवरची ऑइलची फिल्म टिकत नाही आणि पीन घासायला लागते. म्हणून मी स्वतःला नियम घालून घेतला: एकच चाक फिरत असेल तर पाच सेकंदांत पाय उचलायचा आणि फावडं घ्यायचं.

थोड्या वेळाने भावाच्या गाडीत एबीएसचा आणि त्याच्या शेजारचा घसरत्या गाडीच्या चित्राचा असे दोन्ही दिवे लागले. मागची चाकं हँडब्रेकने थांबलेली आणि पुढची सत्तरने फिरतायत, हे बराच वेळ चाललं तर कॉम्प्युटरला एखादा सेन्सर गेला असंच वाटणार. शिवाय चाकाजवळच्या सेन्सरवर बर्फ थापला गेला होता. बर्फ हाताने काढला, इंजिन बंद करून चालू केलं, थोडं सरळ चालवलं, दिवे गेले. नाही गेले तर मात्र खालची वायर बघा, बर्फाचे गोळे ती ओढून तोडतात. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी तर जास्तच जपायला हवं. चाकं फिरवत बसलं की गिअरबॉक्सचं ऑइल तापतं, आणि बहुतेक गाड्यांत ते दाखवणारा काटाच नसतो. इंजिनचा काटा मध्यावर असतो आणि आपण निर्धास्त असतो.

आता जिथे घाबरायला हवं होतं ती गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी उणे सात होतं. जिप्सी गरम झाली, काटा मध्यावर आला, आणि अर्ध्या तासाने हळूहळू खाली, पार थंडच्या खुणेपाशी. मी म्हटलं, बाहेर एवढी थंडी, असणारच. दोन मिनिटांनी हीटरमधून गार हवा यायला लागली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो आणि आजूबाजूची वाफ मोजतो. काटा खाली येतो आणि इंजिन आत भाजत असतं. काटा खाली आणि हीटर गार, हे दोन्ही एकत्र दिसलं की लगेच इंजिन बंद करा. बॉनेट उघडलं तर हीटरच्या होजचा क्लॅम्प ओला. थंडीने रबर आकसलं आणि क्लॅम्प सैल पडला. पाऊण तास थांबलो, झाकणावर फडकं धरून हळू उघडलं, आणि सोबत आणलेलं तयार मिसळलेलं कुलंट दीड लिटर गेलं. आपल्याकडे जुन्या जिप्सीत सर्रास नळाचं पाणी असतं. इकडे यायच्या आधी ते काढून कुलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरा, ते उणे ३५च्या आसपासपर्यंत गोठत नाही. निघताना सगळे क्लॅम्प एकेक पीळ आवळा.

काटा उलटा वर चढला तर आधी जाळी बघा. घसरवताना इंजिन साडेतीन हजारावर असतं, गाडी माणसाच्या चालीने, आणि रेडिएटरपुढे बर्फाची भिंत. ऑइलचा दिवा लुकलुकला तर मात्र बर्फाला दोष देऊ नका. बर्फावर पकड इतकी कमी असते की ऑइल एका बाजूला फेकलं जाण्याइतका जोर येतच नाही. तिथे दिवा लागला म्हणजे बहुतेक ऑइलच कमी आहे.

टायरच्या हवेचं गणित बऱ्याच जणांचं चुकतं. पुण्यात तीस अंशांत ३२ भरली होती. उणे पाचला ती २७च्या आसपास यायला हवी, पण गेजवर तीस दिसली. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक मोजतं, आणि सिस्सूला बाहेरची हवाच विरळ. थंडीने गेलेली बरीचशी उंचीने परत दिली. खाली येताना हेच उलटं होतं. बर्फासाठी कमी केलेली हवा चंडीगडच्या उबेत आपोआप वाढेल असं समजू नका, मनालीतच भरून घ्या.

पहाटे गिअर पडेना, त्याचं कारण घरचंच निघालं. माझ्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने गिअरबॉक्समध्ये ८५डब्ल्यू-१४० हे दाट ऑइल टाकलं होतं. ८५डब्ल्यू उणे १२पर्यंतच धड वाहतं, त्याच्या अलीकडेच ते काकवीसारखं होतं. ८०डब्ल्यू-९० उणे २६पर्यंत चालतं, ७५डब्ल्यू-९० त्याच्याही खाली. तुमच्या गाडीच्या पुस्तकात बसेल ते टाकून निघा. सकाळी पहिला किलोमीटर दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका. रात्री हँडब्रेक ओढू नका, ओले ड्रम गोठतात. गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा.

शाफ्ट आणि क्रॉस (शाफ्टचा वळणारा सांधा) तुटतात ते बर्फावर नाही, बर्फाच्या कडेला. फिरतं चाक अचानक डांबरावर आलं की सगळा झटका क्रॉसवर, हॅचबॅकमध्ये चाकाजवळच्या बाहेरच्या जॉइंटवर. शेताच्या तोंडाशी डांबर दिसताच पाय उचलायचा, हे भावाला मी दहादा तरी सांगितलं असेल.

परतताना साठला पोहोचल्यावर दोन्ही गाड्यांचं स्टिअरिंग थरथरायला लागलं. दुसरी घाबरगुंडी. भाऊ अलाइनमेंट गेलं म्हणून हळहळत होता. रिमच्या आतल्या बाजूला बर्फ गोठून बसला होता, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाडला. मनालीत गाडीची खालची बाजू पाण्याने धुतली, क्रॉस आणि स्लिप जॉइंटला ग्रीस मारलं.

आणि घरी आल्यावर डिफरन्शियलचं ऑइल जरूर काढून बघा. तापलेलं हौसिंग बर्फात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर होण्याची वाट) तुंबला असेल तर ऑइल सीलमधून पाणी ओढलं जातं. माझ्या पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल दुधी कॉफीसारखं निघालं. चुंबकाच्या नटावर करडी बारीक पेस्ट होती, ती बोटांत चोळली, कण लागला नाही, म्हणजे नेहमीचीच झीज. नवीन ऑइल भरलं, ब्रीदरची नळी साफ करून बॉनेटखाली उंच बांधली. ओडोमीटरवर त्या एका शेतातले सात किलोमीटर आहेत, जीपीएसच्या हिशोबाने दोनसुद्धा भरत नाहीत. पुढची सर्व्हिसिंग मी मीटरच्याच आकड्याने करणार आहे, कारण गिअर तेवढे फिरले आहेत.