पावसाळी गटाराच्या कामासाठी लोकांचा पाठिंबा मिळवताना : माझा अनुभव

रस्त्यावर पाणी तुंबतं तिथे निवेदनावर सह्या सहज मिळतात, त्याबद्दल फार लिहीत नाही. आमचं घोडं अडलं ते एकाच प्रश्नावर : ही वाहिनी, म्हणजे पावसाळी गटार, कोणाची? वॉर्ड ऑफिस पथ विभागाकडे बोट दाखवी आणि पथ विभाग मलनिस्सारण (सांडपाणी) विभागाकडे. निवेदन 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा घेऊन टेबलं बदलत राहिलं. तो शेरा आठवला की आजही संताप येतो, कारण तेवढ्यात पाऊस संपतो आणि सह्या करणारे विषय विसरतात.

वाट निघाली माहिती अधिकारातून. अर्जाचा ठरलेला नमुना 'अ', त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय चालतो, तोही 150 शब्दांत. 'काम का झालं नाही?' असं विचारू नका, कागद मागा : वाहिनीचा नकाशा, मागच्या सफाईचा कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची) प्रत. सफाईचं बिल ज्या विभागाने काढलं, त्याला वाहिनी आपली नाही असं म्हणता येत नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर लगेच प्रथम अपील, म्हणजे त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद मागणारा अर्ज, करा.

कागद हातात आले की संयुक्त पाहणी मागा, आणि ती एप्रिल-मे मध्येच. रहिवासी, दुकानदार, कनिष्ठ अभियंता, सगळे समोर असताना पालिकेच्या माणसांकडून चेंबरचं झाकण उघडून घ्या. आत कोणालाही उतरू देऊ नका, विषारी वायूने जीव जातो. वरूनच बांबू सोडून गाळ मोजा. 600 मिमीचा पाईप निम्मा गाळाने भरला की क्षमता निम्मी उरत नाही, जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते. वाट अरुंद होते आणि घर्षणही वाढतं. भर एप्रिलमध्ये पावसाळी चेंबरात पाणी वाहताना दिसलं तर बहुधा कुणीतरी सांडपाणी जोडलेलं आहे. बांबूवरची ओली काळी खूण पाहिल्यावर लोक जे बोलू लागतात, ते शंभर पत्रकांनी होत नाही.

दुकानदारांचा विरोध मात्र खरा असतो, त्याला हिणवू नये. रॅम्प तुटला तर गिऱ्हाईक आत कसं येणार, ही त्यांची काळजी. पण सिमेंटचा भरीव रॅम्प नेमका रस्त्याकडेच्या जाळीवर, जिथून पाणी गटारात उतरतं तिथेच, बसतो आणि पाणी रस्त्यावरच राहतं. उचलता येणारा लोखंडी रॅम्प, खालून पाण्याला मोकळी वाट, हा तोडगा बहुतेकांना पटतो. मोठ्या सोसायटीला हिशेब सांगावा : 1,000 चौरस मीटर छत आणि फरशी, तासाला 50 मिमी पाऊस, म्हणजे तासाभरात 50,000 लिटर; दहा हजार लिटरचे पाच टँकर एकाच जाळीकडे धावणार. शोषखड्ड्याचा, म्हणजे पाणी आवारातच जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याचा, विषय त्यानंतर काढावा.

डांबरीकरणाआधी सगळ्या जाळ्यांचे फोटो काढून ठेवा, नव्या थराखाली त्या गाडल्या जातात. गाळ काढून कडेलाच टाकला तर पहिल्या सरीत परत आत जातो, म्हणून तो उचलण्याची अट कार्यादेशात आहे का ते पाहा. आणि नव्या वाहिनीची मागणी डिसेंबरच्या आत द्या, कारण पालिकेचं अंदाजपत्रक 1 एप्रिलआधी ठरतं. जूनमध्ये दिलेल्या अर्जाला फार तर तात्पुरता पंप मिळतो.