एवढं मोठं कॉलेज का सोडलं? तुम्ही विचारलंत म्हणून

लिफ्टमध्ये विचारता. रविवारी भाजी घेताना विचारता. परवा तर वैकुंठ स्मशानभूमीच्या बाहेर, आत एकाचं अजून सगळं उरकायचं होतं तेव्हा, एकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढं मोठं इंजिनिअरिंग कॉलेज, लागलेला नंबर, आणि मुलीनं वर्षभरात सोडलं? काही प्रॉब्लेम झाला होता का हो?"

प्रॉब्लेम म्हणजे तुम्हाला एकतर मुलगा म्हणायचा असतो, नाहीतर नापास. दोन्ही नाही. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटले, पॉइंटर दहापैकी 8च्या वर होता. कुणी त्रास दिला नाही. कॉलेजचा तर काडीचाही दोष नाही, म्हणूनच इथे नाव घेत नाही. तुम्हाला ते पाठ आहेच.

आजवर मी तीन उत्तरं फिरवून फिरवून दिली. तिला प्युअर सायन्सची आवड होती. जाण्यायेण्याचं झेपेना (आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, तेव्हा पुलाचं काम चालू होतं, त्यामुळे हे लोकांना चटकन पटायचं). आणि तिसरं, "आजकालची मुलं, काय बोलणार!" हे शेवटचं सगळ्यात सोपं, कारण समोरचाही लगेच आपल्या मुलाबद्दल बोलायला लागतो आणि आपण सुटतो.

आता एकदाच लिहितो. पुन्हा विचारू नका.

मी डिप्लोमा मेकॅनिकल. भोसरीत कारखान्यात 27 वर्षं काढली, त्यातली पहिली 9 मशीनवर. 2004 साली आमच्याकडे त्या कॉलेजातून एक मुलगा ट्रेनी म्हणून आला. बावीस वर्षांचा. मला काका म्हणायचा. मायक्रोमीटर नीट धरायचा कसा ते त्याला मी दाखवलं. दोन वर्षांनी माझ्या रजेच्या अर्जावर त्याची सही लागायला लागली. मुलगा वाईट नव्हता, पुढेही काकाच म्हणत राहिला. पण मी घरी येऊन जेवताना त्या कॉलेजचं नाव किती वेळा काढलं असेल, याचा हिशेब माझ्या बायकोकडे आहे, मुलीकडेही असणार. तो आला तेव्हा ती जन्मलीही नव्हती, पण आमच्या घरात ते नाव तिच्या आधीपासून राहत होतं.

मुलीचं वेगळंच. ती नववीत असताना शाळेनं 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळ खोडदला नेलं होतं. तिथली ती रेडिओ दुर्बीण, 30 अँटेना, एकेक 45 मीटर व्यासाची. बाकीच्या पोरींनी फोटो काढले. ही घरी येऊन मला सांगत बसली की अँटेनावर आलेला सिग्नल किती क्षीण असतो, तो ऑप्टिकल फायबरमधून मुख्य इमारतीत कसा आणतात, आणि मोबाइल चालू ठेवला तर त्याचा कसा त्रास होतो. मी हूं हूं करत पेपर वाचत होतो. तिथून तिच्या डोक्यात इलेक्ट्रॉनिक्स बसलं. बारावीपर्यंत हललं नाही.

इंजिनिअरिंगच्या सीईटीत तिला 96 आणि वर काही पॉइंट पर्सेंटाइल पडले. चांगले, पण कॉम्प्युटरला तुटून पडणाऱ्या गर्दीत मोठ्या कॉलेजात ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) मिळण्याइतके नाहीत. मग तिनं वहीच्या मधल्या पानावर यादी केली. पहिल्या नंबरला आपल्या बाजूचंच एक कॉलेज, तुलनेनं नवं, पण ई अँड टीसी. तिथे शिकणाऱ्या दोन मुलींना ती स्वतः भेटून आली होती. लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते, कुठले सर खरंच शिकवतात, शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट मुलं स्वतः करतात की बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ जाऊन तयार विकत आणतात, सगळं विचारून आली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी कटऑफच्या पीडीएफमध्ये बुडालेलो होतो.

कटऑफ हा शब्द मी त्या दोन महिन्यांत जपासारखा घेतला. खरं तर त्याचा अर्थ एवढाच, की मागच्या वर्षी प्रवेशाच्या त्या फेरीत, त्या ब्रँचला, त्या प्रवर्गात शेवटचा आत शिरलेला मुलगा किती पर्सेंटाइलवाला होता. आत काय शिकवतात हे त्यात नसतं, बाहेर रांग केवढी होती हे असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी रांग बघूनच हॉटेल निवडणारा माणूस.

जुलै 2023. ऑप्शन फॉर्मची (कॉलेज आणि ब्रँच पसंतीच्या क्रमाने भरायचा तो) शेवटची रात्र. बाहेर पाऊस, नेट मधूनमधून जात होतं. तिनं संध्याकाळी वहीप्रमाणे सगळे पर्याय भरून ठेवले होते, फक्त कन्फर्म करायचं बाकी होतं. म्हणाली, "बाबा, नेट आलं की करून टाक, मी झोपते." लॉगिन माझ्याकडेच होतं. सगळी धावपळ मीच केली होती ना, कागद स्कॅन करण्यापासून.

साडेअकराला नेट आलं. यादी समोर होती. मी मोठ्या कॉलेजचं मेकॅनिकल, जे तिनं माझ्या समाधानासाठी सातव्या नंबरवर टाकलं होतं, ते उचललं आणि पहिल्या नंबरवर नेऊन ठेवलं. मग खाली नेलं. चहा केला. पुन्हा वर आणलं. मग कन्फर्म दाबलं.

माझी बाजू मी वर्षभर अशी मांडत होतो: मागच्या वर्षीचा कटऑफ तिच्या पर्सेंटाइलच्या वर होता, लागणारच नव्हतं. वरचा पर्याय लागला नाही तर मशीन खालच्यावर जातं, आपलं काहीच जात नाही. हे अगदी बरोबर आहे. म्हणून तर सगळे सांगतात, पर्सेंटाइलच्या क्रमाने भरू नका, आवडीच्या क्रमाने भरा.

आवडीच्या. कुणाच्या, ते मी स्वतःला विचारलं नाही.

आणि लागणारच नव्हतं, हेही खोटं. मेकॅनिकलला मुली कमी असतात, त्यामुळे मुलींच्या 30 टक्के राखीव जागांचा कटऑफ बराच खाली येतो. ही ओळ मी त्याच पीडीएफमधून पेन्सिलीनं कागदावर टिपून घेतली होती. तो कागद माझ्याकडे अजून आहे. पहिल्याच फेरीत पहिला पर्याय लागला तर सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद, हाही नियम मला माहीत होता. शेजारच्यांना मीच समजावून सांगितला होता.

सकाळी तिनं विचारलं, "केलंस ना कन्फर्म?" मी म्हटलं, "केलं." तिनं उघडून पाहिलं नाही.

यादी लागली त्या दिवशी मी ऑफिसात सांगून घरी थांबलो होतो. बायको साबुदाणा भिजवत होती. मुलीनं फोनवर बघितलं आणि सरळ विचारलं, "हे पहिलं कसं काय आलं?" आणि मी, पन्नाशीचा माणूस, म्हणालो, "साइटचा गोंधळ झाला असेल."

ती काही बोलली नाही. लॅपटॉप उघडला, कन्फर्म झालेल्या फॉर्मची पीडीएफ उतरवली आणि माझ्यासमोर ठेवली. वर तारीख, वेळ. रात्रीचे 11:52. मग बाल्कनीत जाऊन कपडे काढायला लागली. ओलेच होते ते. एकेक काढून खांद्यावर टाकत होती. बायको मला म्हणाली, "तू बोल." मी म्हटलं, "पहिलं वर्ष सगळ्या ब्रँचना जवळपास सारखंच असतं. मग ब्रँच बदलून घेऊ."

ब्रँच बदलणं म्हणजे काय, तर वरच्या वर्गात जागा रिकामी असेल तर मेरिटप्रमाणे. ई अँड टीसीत जागा रिकामी कशाला राहतेय! पण ते मला ठामपणे बोलता आलं. ती गेली. गणपतीत नातेवाईक आले तेव्हा मी पेढे वाटले. आणि खरं सांगतो, पेढे वाटताना मला आनंद झाला होता. तो काढून टाकता येत नाही.

वर्षभर ती कॉलेजला गेली. वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब (कानशीनं घासून केलेला लोखंडी तुकडा) केला तो घरी आणला, मी हातात घेऊन काटकोन बघितला. चांगला होता. तिनं विचारलं, "आवडला?" मी म्हटलं, "हो." म्हणाली, "मग ठेव तुला."

वर्ष संपलं, ब्रँच मिळाली नाही, ती म्हणाली सोडते. मी म्हटलं, पुन्हा सीईटी दे, ई अँड टीसी घेऊ, या वेळी तुझ्या मनासारखं. ती म्हणाली, "मला आता ऑप्शन फॉर्मच नको." कर्वे रोडला जाऊन बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन आली, फिजिक्स मुख्य, इलेक्ट्रॉनिक्स जोडीला. घरी आल्यावर पावती दाखवली.

आता तुम्हाला वाटेल, तिथे ती फुलली वगैरे. तसं नाही. प्रॅक्टिकलला चालणारे ऑसिलोस्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारी यंत्रं) दोनच आहेत, बाकीचे टेबलावर शोभेला. तासिका तत्त्वावरचे एक चांगले सर दिवाळीनंतर आलेच नाहीत, दुसरीकडे कायमची नोकरी लागली. कंपन्या कॅम्पसवर येतात त्या मुख्यतः कारकुनी कामासाठी. पण तिनं लॅबच्या शिपाईकाकांशी दोस्ती करून बंद पडलेला एक ऑसिलोस्कोप मागून घेतला आणि आठ दिवसांत चालू केला. मोठ्या कॉलेजात असं काही केलं होतंस का, असं मी विचारलं तर म्हणाली, तिथे बंद पडलेला मिळालाच नसता. आणि जुन्या कॉलेजचं हुडी ती अजून घालते, धुऊन धुऊन रंग गेलाय तरी. तिथल्या रोबोटिक्सच्या ग्रुपवर अजून आहे. रात्री उशिरापर्यंत त्यांच्याशी बोलते. त्याचा अर्थ काय लावायचा, मला माहीत नाही.

जूनमध्ये तुमचे फोन येतात, की आमच्या पोराला कुठलं घेऊ. मी हॉस्टेलपासून बसचं अंतर, लॅबची वेळ, दुसऱ्या वर्षातल्या मुलांना भेटा, असं सगळं सांगतो. म्हणजे माझ्या मुलीनं वहीच्या मधल्या पानावर जे लिहिलं होतं, तेच. पण ते सांगताना कधीकधी मनात येतं, नाव लागतंच. भोसरीत मी 27 वर्षं पाहिलंय. ज्याच्या बायोडेटावर ते नाव होतं त्याला पहिली पाच वर्षं कुणी प्रश्न विचारले नाहीत. माझ्या पोरीला ते विचारले जाणार. तेव्हा चूक माझ्या पर्यायाची की मी तो चोरून टाकण्याची, हे मला अजून वेगळं करता येत नाही. विचारून टाकला असता आणि ती हो म्हणाली असती तर?

हे सगळं लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिलं. विचारून छापायचं, एवढं तरी. तिनं पलंगावर पडून वाचलं. "साइटचा गोंधळ" इथे जरा हसली. मग म्हणाली, "मी कॉलेज सोडलं ते त्या रात्रीमुळे, असं मी कधी म्हटलंय?"

मी म्हटलं, "मग कशामुळे?"

"बघ, परत तूच लिहून मोकळा झालास," असं म्हणाली, आणि मोबाइल माझ्या हातात देऊन जेवायला गेली.